शाल नको म्हणणाऱ्या सिस्टर

वाचक ताईचं पत्र

नमस्कार ताई. आमचं गाव वडवणी तालुक्यात, डोंगराकडेला. निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर नऊ वर्षांपासून इथं आहेत. कोरोनात त्या एक दिवस घरी बसल्या नाहीत. म्हणून आमच्या सहा बचतगटांनी मिळून यंदा १२ मेला परिचारिका दिन करायचं ठरवलं. साडेसहा हजार रुपये जमले. शाल आणून ठेवली, ट्रॉफी आणि फ्लेक्सचं सांगितलं. सरपंच म्हणाले, त्याच दिवशी आरोग्य शिबिर घेऊ, आमदारसाहेबांना बोलवू, शहरातल्या एका दवाखान्याचे डॉक्टर फुकट तपासायला तयार आहेत. हे सांगायला आम्ही चौघीजणी उपकेंद्रात गेलो तर सिस्टरच्या डोळ्यात पाणीच आलं. "नको, मला सत्कार नको," एवढंच म्हणून आत निघून गेल्या. आशाताई पण गप्प. आता आमच्यातल्या काहीजणी म्हणायल्यात, एवढा भाव कायला खायचा? फेब्रुवारीत एका बाळंतिणीच्या वेळी गाडी यायला उशीर झाला म्हणून तिचा दीर सिस्टरला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला होता, पण ते तेव्हाच मिटलं. आमचं काय चुकलं? कार्यक्रम करावा का नको?
— बचतगटाची एक अध्यक्ष

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, सिस्टर लाजल्या असतील. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडच्या एका वाक्यावर अडकले. "पण ते तेव्हाच मिटलं."

कुणी मिटवलं?

दीर बोलून मोकळा झाला. गाडी आली, बाई सुखरूप बाळंत झाली, घरात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं तेच दार उघडलं, त्याच टेबलावर बसून त्याच बाळंतिणीची नोंद रजिस्टरला केली. गावाच्या बाजूनं हे मिटलं, हे खरं. पण त्या दिवशी तिथं जमलेल्यांपैकी एकानं तरी "अरे, गाडी काय यांच्या हातात आहे का?" असं म्हटलं होतं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणजे कुणी म्हटलं नसावं. आता त्याच चौकात, त्याच माणसांसमोर, माइकवरून "आमच्या सिस्टर म्हणजे देवमाणूस" हे ऐकायचं म्हटल्यावर माणसाच्या पोटात काय होत असेल बघा.

हा माझा अंदाज आहे. तुमच्या सिस्टरला मी ओळखत नाही. पण नोकरीची पहिली काही वर्षं लातूरच्या एका रुग्णालयात आणि पुढची सगळी खेड्यापाड्यातल्या उपकेंद्रांत काढली आहेत, त्यामुळे तो "नको" मला चांगला ओळखीचा आहे. त्यात भाव खाणं नसतं.

तेव्हा कार्यक्रमाचं आधी बाजूला ठेवा. पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा. चौघी नको, चार बायका दारात आल्या की सिस्टरला वाटतं, काहीतरी मागायला नाहीतर तक्रार घेऊन आल्या. दुपारी पेशंट संपलेले असतात, त्या वेळेला जा. शालीचं नाव काढू नका. फेब्रुवारीत तुम्ही तिथं हजर असाल तर सरळ सांगा, "मी तिथं होते आणि मी गप्प बसले. ते माझं चुकलं." हजर नसाल तर म्हणा, "मला नंतर कळलं, तरी मी विचारायला आले नाही." आणि मग थांबा. त्या बोलतील किंवा बोलणार नाहीत. चहा करते म्हणाल्या तर नाही म्हणू नका.

दिराचंही बघायला पाहिजे, पण त्याला पंचायतीसमोर उभा करू नका. इथं उपयोगाची बाई एकच, ती बाळंतीण. तिनं बाळाला घेऊन, सासूला घेऊन उपकेंद्रात जावं आणि दिरानं मागं उभं राहून दोन शब्द बोलावेत. माइक नको, फोटो नको. त्याला एवढं मात्र समजावून सांगा, की १०८ ला फोन लावला की तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि जवळची मोकळी गाडी तिथून पाठवली जाते. सिस्टरनं फोन करून गाडी मागवायची, ती येईपर्यंत बाईला सांभाळायचं. घाटातून गाडी वर यायला लागणारा वेळ तिला कमी करता येत नाही. आणि तरीही त्याची मान ताठच राहिली, तर महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे हेही कानावर घाला. आरोग्यसेवेतल्या माणसावर हात टाकला किंवा दवाखान्याची मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. त्याला पोलिसात न्या असं मी म्हणत नाही. तोंडानं सुरू झालेलं हातावर यायला वेळ लागत नाही आणि तिथं गेल्यावर ते घरातलं भांडण राहत नाही, एवढं त्याला कळलं तरी पुरे.

आता १२ मेचं. ही फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंची जन्मतारीख, साल १८२०. क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांत रात्री दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण तिला भेटलेलो असतो. पण त्या बाईचं मोठं काम दिव्याइतकंच वहीचं होतं. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीतून होणाऱ्या रोगांनी, याचा तिनं हिशोब मांडला, तो आकृत्या काढून सरकारला दाखवला. रोगांनी मेलेले कितीतरी जास्त निघाले. इंग्लंडच्या संख्याशास्त्राच्या संस्थेनं सभासद करून घेतलेली ती पहिली बाई. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या सिस्टरच्या टेबलावर रजिस्टरांची जी चवड दिसते आणि "सिस्टर नुसतंच लिहीत बसतात" असं जे गावात म्हटलं जातं, ते लिहिणंही नर्सिंगच आहे. गावात किती गरोदर, त्यातल्या कितीजणींचं रक्त कमी, कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिला, हे त्या चवडीत असतं. आता तेच परत मोबाइलमध्येही भरावं लागतं. रेंज आली तर.

मी स्वतः असे सत्कार पुष्कळ घेतलेत. घरात एक पेटी आहे, तीत अकरा शाली आहेत. नारळ खाल्ले, ट्रॉफ्या नातवाला खेळायला दिल्या. त्यातला एकच सत्कार नीट आठवतो. सकाळी लसीकरणाचं सत्र होतं, त्याच दिवशी गावानं कार्यक्रम ठेवला. "सिस्टर, दहाच मिनिटं," म्हणून मला मंडपात बसवलं. पाहुणे यायचे अकराला, ते आले दीडला. माझ्या पायाशी लसीचा डबा. आत चार आइस पॅक. गोवराची लस एकदा पाण्यात कालवली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. म्हणून मी कुपी फोडलीच नव्हती. समोर बायका लेकरं घेऊन पत्र्याखाली बसलेल्या. मे महिन्याचा पत्रा म्हणजे तुम्हाला सांगायला नको. एक पोर रडून रडून झोपी गेलं. त्याची आई दोनदा माझ्याकडं बघून गेली आणि तिसऱ्यांदा बघितलं तर ती जागेवर नव्हती. भाषणात कुणीतरी माझ्या "निःस्वार्थ सेवे"बद्दल बोलत होतं आणि मी मनात डब्यातला बर्फ किती उरला असेल ते मोजत होते. ती बाई तांड्यावरची. त्या पोराला परत सत्रात आणायला मला तीन हेलपाटे पडले.

म्हणून सरपंचांच्या शिबिराबद्दल माझं मत ऐका. तारीख तुम्ही नकळत चांगली धरली आहे. जगाचं आरोग्याचं कॅलेंडर आपल्या गावाला विचारून केलेलं नाही. ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाचा जागृती महिना, १४ नोव्हेंबर मधुमेह दिन, १ डिसेंबर एड्स दिन. या सगळ्या तारखांना तुमचं अर्धं गाव कुठं असतं? कोयता घेऊन कारखान्याच्या फडात. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर बॅनर धरून प्रभातफेरी निघते, फोटो वर जातात. १२ मेला मात्र कारखाने बंद झालेले, माणसं परतलेली, मृगाची पेरणी अजून लांब. गाव गावात असतं. फक्त ऊन आणि लग्नं तेवढी सांभाळा. सकाळी सातला सुरू, दहाला बंद.

पण शिबिर कुणाचं घ्यायचं, हे सिस्टरला ठरवू द्या. शहरातून येणाऱ्या दवाखान्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगल्या मनानं येणारे डॉक्टर मी पाहिलेत. पण फुकट शिबिरातून पुढची गिऱ्हाइकं गोळा करणारेही पाहिलेत, आणि बीड जिल्ह्यातल्या बाईला तर हे सांगायची गरज पडू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली होती. तेव्हा त्या डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच विचारा. तपासणीचे कागद पेशंटच्या हातात राहणार ना? ज्यांच्यात काही निघेल त्यांची नावं सिस्टरला कळवणार ना? आणि पुढचा उपचार सरकारी दवाखान्यात घ्यायचा म्हटलं तर तशी चिठ्ठी देणार ना? तिन्हींना हो आलं तर या म्हणा. 'ऑपरेशन लागेल' असं त्या दिवशी कुणाला सांगितलंच, तर त्या बाईनं अंबाजोगाईच्या नाहीतर संभाजीनगरच्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात एकदा दाखवल्याशिवाय तारीख घ्यायची नाही, हे गटात ठरवून टाका.

माझ्या मनातलं विचाराल तर मी शिबिर साधंच घेईन. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी, साखर. आणि ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, त्याचा बेडका. हे तिसरं सिस्टरचं सगळ्यात अवघड काम असतं. माणसं डबी घरी नेतात आणि ती कोनाड्यात पडून राहते, कारण शेजारणीनं बघितलं तर? इथं तुमच्या सहा गटांचा उपयोग आहे. प्रत्येक गटानं आपल्या आळीतली वीस घरं धरायची, आदल्या संध्याकाळी डब्या द्यायच्या, सकाळी गुळण्या करून, खोल खोकून दिलेला बेडका गोळा करून आशाताईकडं द्यायचा. थुंकी चालत नाही, एवढं आधी नीट समजावून सांगा. त्यातून कुणाला टीबी निघाला तर तपासणी आणि गोळ्या सरकारकडून फुकट आहेत आणि पोषणासाठी महिन्याला हजार रुपये बँक खात्यात येतात; नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते पाचशे होते. तुमच्या गटांना निक्षय मित्र म्हणून, म्हणजे टीबीच्या पेशंटला मदत करणारे म्हणून, त्या माणसाला सहा महिने डाळ, तेल, शेंगदाणे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण त्याला विचारून. आणि त्याच्या दारात पिशवी धरून फोटो काढायचा नाही. तसला फोटो गावच्या ग्रुपवर फिरला तर त्याच्या पोरीचं लग्न मोडतं, ते कुणाच्या अहवालात येत नाही.

आमदारसाहेबांना बोलवायचंच असेल तर बोलवा, पण भाषणाऐवजी अर्ज ठेवा. उपकेंद्राला पाणी नसेल तर पाणी, कंपाउंड नसेल तर कंपाउंड. सही घ्या, तारीख घ्या.

आता साडेसहा हजार. ट्रॉफी आणि फ्लेक्स आजच्या आज रद्द करा. सिस्टरला विचारायचंच झालं तर "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका, त्या "काही नको" म्हणतील. "इथं काय काय मोडलंय?" असं विचारा. मग बघा यादी कशी निघते! माझ्या वेळची सांगते. एका उपकेंद्रात संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. चार वर्षं नव्हती. मी पायानं दार दाबून धरायची. अर्ज केले, आठवणपत्रं दिली. शेवटी गावातला एक सुतार बायकोला सोनोग्राफीला पाठवायची चिठ्ठी घ्यायला आला होता, त्यानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कडी, कोयंडा आणि चार खिळे घेऊन आला. त्या अकरा शालींच्या बदल्यात मी ती कडी घेईन.

तेव्हा कडी, टाकीचा नळ, प्रसूतीच्या खोलीचा पडदा, बाहेर बसायला एक बाकडं, लाइट गेल्यावर चालणारा दिवा, असलं काही घ्या. औषधं घेऊ नका. एखादं यंत्र किंवा पंखा घेतला तर डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला, नोंद करून पावती मागा. नाहीतर सिस्टरच्या बदलीबरोबर पंखाही गेला की त्यांच्यावरच आळ यायचा. आणि हो, आधी ग्रामपंचायतीत विचारा. गावाच्या आरोग्य समितीला थोडा अबंधित निधी येतो, तो असल्या कामांसाठीच असतो. तो कुठं खर्च झाला हे विचारायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. सरपंचांना राग आला तरी विचारा.

आशाताई गप्प होत्या, असं तुम्ही लिहिलंय. त्या का गप्प असतील? २००५ पासून आशा आहेत, साधारण हजार लोकांमागं एक. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, तेव्हा टीव्हीवर टाळ्या वाजल्या. पण त्यांना पगार नाही, मिळतो तो मोबदला. रात्री दोनला बाळंतिणीबरोबर गाडीत बसून जायचं, तिथं झोपायला जागा नाही, सकाळी घरी येऊन स्वयंपाक करायचा. फ्लेक्सवर त्यांचं नाव तुम्ही घातलं होतंत का? खरंच विचारतेय, पत्रात उल्लेख नाही.

इथं मला १९९३ आठवतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी लातूरला होते, दिवस निघायच्या आत कामावर गेले ते चौथ्या दिवशी अंघोळीपुरती घरी आले. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. शेजारच्या काकू, ज्यांच्याशी पाण्याच्या नळावरून माझं वर्षभर धड बोलणं नव्हतं, त्या तिला आपल्या घरी घेऊन गेल्या होत्या. पोरीच्या दोन वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी बांधलेल्या. त्या रिबिनी माझ्या घरातल्या नव्हत्या. "तू जा तिकडं, हिचं मी बघते," एवढंच बोलल्या. त्यानंतरही नळावरून भांडलो आम्ही, ते सोडा. पण आशाताई रात्री पेशंटबरोबर जाते तेव्हा तिची लेकरं सकाळी काय खातात, हे तुमच्या गटात कुणाला माहीत आहे का? आठवड्याच्या पाळ्या लावल्या तर सहा गटांना जड नाही.

आणखी एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहा. "सिस्टर फार चांगल्या आहेत" असलं नको, त्याला साहेब लोक सरावलेले असतात. घडलेलं लिहा. अमुक तारखेला, पहाटे इतक्या वाजता, अमुक अडचण आली, सिस्टरनं अमुक केलं, आज आई आणि बाळ दोघं ठीक आहेत. खाली पंचवीस बायकांच्या सह्या, अंगठे असले तरी चालतील. आवक क्रमांक घ्या, एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक सिस्टरला. वर्षाअखेरीला साहेब त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायला बसतात तेव्हा टेबलावर तक्रारीच असतात. असा कागद क्वचित असतो.

दुसरा मुहूर्त घटस्थापनेच्या आधी धरा, मुकादमाची गाडी यायच्या आत. कोयत्याला जाणाऱ्या प्रत्येक घरात गरोदर बाईचं कार्ड, लेकरांच्या लसीचं कार्ड, लोहाच्या गोळ्या आणि बीपीवाल्यांची औषधं पिशवीत पडली का, एवढं गटानं बघायचं. टीबीचा पेशंट असेल तर त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदीचा नंबर, कागदावर लिहून द्या, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडच्या केंद्रातही त्याच्या गोळ्या पुढं चालू राहतील. या दिवसाला नाव नाही, त्याचा फ्लेक्सही निघत नाही. पण फडातून एखादी बाई सातव्या महिन्यात सिस्टरला फोन करते आणि सिस्टरला इथं बसून काही करता येत नाही, तो फोन कमी होतो.

सिस्टर तयार झाल्या, तर १२ मेला सकाळी शिबिर आटोपल्यावर उपकेंद्रातच सगळ्यांनी मिळून पोहे खा. नाही झाल्या, तर नाही.

राहता राहिली शाल. पावती असेल तर दुकानदार बदलून देतो. मे महिन्यात शालीचं काय करायचंय? तेवढ्याच पैशात सुती पंचे घ्या, घरी एकदा धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून उपकेंद्रात नेऊन द्या. जन्मलेलं बाळ पुसायला एक आणि गुंडाळायला दुसरा, असे एका बाळाला दोन लागतात.